अंतर चोख, वेळ अंदाजे : दोन विमानतळांमधला प्रवास सांगणाऱ्या साइट आपल्या मार्गांवर किती खऱ्या उतरतात

सोलापूरहून गोव्याला विमानाने किती वेळ लागतो, हे नेटवर शोधलं की विमान कंपनीच्या वेळापत्रकाआधी बऱ्याचदा अंतर-वेळ सांगणाऱ्या साइटच समोर येतात. दोन विमानतळांची नावं किंवा कोड टाकले की उत्तर हजर: ३०५ किलोमीटर, ५३ मिनिटं. सेवा फुकट आहे, झटपट आहे आणि आकडा मिनिटापर्यंत असल्यामुळे विश्वास बसतो. या उत्तरातला पहिला आकडा डोळे मिटून घ्यावा. दुसऱ्यावर पुढची बस, टॅक्सी किंवा जोडविमान ठरवू नये. लांब पल्ल्यावर, म्हणजे मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-दुबईला, या साइट बऱ्यापैकी जवळ जातात. गडबड होते ती तीनशे ते सहाशे किलोमीटरच्या आपल्या छोट्या मार्गांवर, आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या विमानतळांवरून सुटणारे बरेचसे मार्ग नेमके याच टप्प्यात येतात.

आधी अंतराचं बघू, कारण तिथे तक्रारीला जागा फार कमी आहे. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणून धरली तर ती जितकी लांब भरेल तितकं हे अंतर. सोलापूर ते मोपा (गोव्याचा उत्तरेकडचा नवा विमानतळ) ३०५ किलोमीटर, म्हणजे १८९ मैल किंवा १६५ सागरी मैल. एका साइटवर ३०४ आणि दुसरीवर ३०६ दिसलं तर गोंधळू नये. एकजण पृथ्वी अगदी गोल धरतो, दुसरा ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतो. या फरकाने तीनशे किलोमीटरमागे जास्तीत जास्त दीड किलोमीटर इकडेतिकडे होतात.

खरी चूक एककात होते. बऱ्याच साइट अमेरिकी असल्यामुळे पहिला आकडा मैलात देतात, विमानाचं जग सागरी मैलात बोलतं आणि आपण किलोमीटर समजून वाचतो. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. '१६५' वाचून सोलापूर-गोवा इतकं जवळ कसं, असा प्रश्न पडला तर आधी आकड्यापुढची अक्षरं बघावीत.

अंतरासाठी एकच साइट सांगायची तर ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला जुनाट, पण काम चोख. चौकटीत दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड मधे आडवी रेघ देऊन टाकायचे, एकक किलोमीटर निवडायचं, की नकाशावर रेषा आणि खाली तक्त्यात निघण्याची दिशा व अंतर मिळतं. स्वल्पविराम देऊन चार-पाच मार्ग एकदम टाकता येतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. गूगल मॅप्सवर उजवी टिचकी मारून अंतर मोजायची सोय आहे, तीही सरळ रेषेचंच अंतर देते. मात्र तिथे बोट धावपट्टीवर ठेवावं, शहराच्या नावावर नाही. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, नाशिकचा ओझरला, सिंधुदुर्गचा परुळे-चिपीला. शहराच्या नावावरून मोजलं की दहा-वीस किलोमीटर सहज चुकतात.

आता ५३ मिनिटं आली कुठून ते बघू. यातल्या बहुतेक साइट विमान कोणतं आहे हे विचारतच नाहीत. सगळ्यांना एकच वेग लावतात: ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर. वर उड्डाण आणि उतरणं मिळून सरसकट ३० मिनिटं. ३०५ भागिले ८०५ म्हणजे २३ मिनिटं, अधिक ३०, झाली ५३. काही साइट ही अर्ध्या तासाची पुरवणीही घालत नाहीत आणि सरळ २३ मिनिटं सांगतात. असं उत्तर देणारी साइट तिथेच बंद करावी.

ताशी ८०५ किलोमीटर हा वेग उंचावरून जाणाऱ्या जेटचा. सोलापूर-गोवा मार्ग फ्लाय९१ या विमान कंपनीने ९ जून २०२५ पासून सुरू केला तो एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानावर. या विमानाचा वरचा वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर. मग ५३ मिनिटं हे उत्तर पार चुकायला हवं. ते फारसं चुकत नाही, आणि का चुकत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी हे उड्डाण जरा जवळून बघायला हवं.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीवरून विमान उठतं. सोळा-सतरा हजार फुटांवर पोहोचायला त्याला साधारण सोळा मिनिटं लागतात. चढताना वेग कमी असतो, त्यामुळे एवढ्या वेळात जेमतेम ९५ ते १०० किलोमीटर मागे पडतात. उतरणीला सुरुवात करावी लागते ती मोप्याच्या साधारण १०० किलोमीटर आधी, आणि ती तेरा-चौदा मिनिटं चालते. म्हणजे ३०५ पैकी जवळपास २०० किलोमीटर चढण्यात आणि उतरण्यातच संपले. उरलेले १०० ते ११० किलोमीटर पूर्ण वेगाने जायला मिळतात, त्यांना लागतात तेरा मिनिटं. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी चार-पाच मिनिटं. बेरीज केली की हवेतला वेळ निघतो ४५ ते ५० मिनिटं.

साइटने वेग दीडपटीहून जास्त धरला ही एक चूक. एटीआरसारख्या विमानाला न लागणारी अर्ध्या तासाची पुरवणी जोडली ही दुसरी. तीनशे किलोमीटरवर या दोन चुका एकमेकींना फेडतात आणि उत्तर योगायोगाने जवळ येतं. सूत्र बरोबर आहे म्हणून नव्हे.

अंतर दुप्पट करून बघा, योगायोग सुटतो. जळगाव ते मोपा ६०७ किलोमीटर, तिथेही एटीआर. साइटचं सूत्र म्हणतं १ तास १५ मिनिटं. आता चढ-उताराचे तेच २०० किलोमीटर आणि मधले ४०० पूर्ण वेगाचे. त्या ४०० लाच पाऊण तासाहून जास्त लागतात, म्हणून हवेतला वेळ जातो १ तास २५ मिनिटांच्या आसपास. जमिनीवरची धाव धरली तर १ तास ३५ मिनिटं. साइटपेक्षा वीस मिनिटं जास्त, आणि एवढ्या फरकात मोप्याची पुढची बस हातची जाऊ शकते.

उलट कोल्हापूर-नागपूर घ्या. अंतर ७०० किलोमीटर, स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ हे जेट, ७६ आसनांचं. सूत्र सांगतं १ तास २२ मिनिटं. या जेटला हवेत साधारण १ तास ५ मिनिटं लागतात आणि दोन्हीकडची जमिनीवरची धाव मिळून दहा-बारा मिनिटं, एकूण सव्वा तास. इथे साइट थोडी जास्तच वेळ सांगते, म्हणजे प्रवाशाच्या फायद्याची चूक. महाराष्ट्रात या साइटच्या वेळेवर बऱ्यापैकी विसंबता येईल असे मार्ग हेच: पाचशे किलोमीटरच्या पुढचे आणि जेटचे. तुमच्या मार्गावर जेट आहे की पंख्याचं विमान, हे तिकिटाच्या पानावर विमानाच्या नावात दिसतं. 'एटी७' किंवा 'एटीआर' असेल तर पंखे, 'ई७५', 'ए३२०' किंवा '७३७' असेल तर जेट.

या साइटची खरी परीक्षा मात्र दोन सारख्या अंतरांवर होते. सोलापूर-मोपा ३०५ किलोमीटर आणि कोल्हापूर-मुंबई ३०८. साइट दोन्हीला एकच वेळ देते, ५३ मिनिटं. कोल्हापूरहून जेटने निघालात तर मुंबईपर्यंत निव्वळ उडायला चाळीस मिनिटंसुद्धा पुरतात, एटीआरपेक्षा फार तर दहा मिनिटं कमी. तीनशे किलोमीटरवर जेटचा वेग फुकट जातो, कारण वर पोहोचून सरळ उडतंय न उडतंय तोच उतरायची वेळ होते. पण मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. रांग लागली की विमानाला वाटेत वेग कमी करायला सांगतात, वळसे घ्यायला लावतात, कधी आकाशात घिरट्या घालत थांबवतात. उतरल्यावर आपल्या जागी पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं जातात ती वेगळीच. मोप्याला ही रांग नाही, सोलापूरला तर नाहीच. म्हणून गर्दीच्या वेळी पंख्याचं विमान सोलापूरहून गोव्याला आधी टेकतं आणि कोल्हापूरचं जेट मुंबईला अजून वळसे घेत असतं. अंतरावरून वेळ काढणाऱ्या कुठल्याही सूत्रात हे बसत नाही. वेळ ठरते ती दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर.

दिशेचा आणि वाऱ्याचाही वाटा आहे, पण त्याचा बाऊ करू नये. मोप्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. सोलापूरचं विमान ईशान्येकडून येतं. वारा पश्चिमेकडून असेल, म्हणजे दुपारी समुद्राकडचा किंवा पावसाळ्यात, तर विमान पूर्वेकडून थेट उतरतं. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीकडून वारा असला तर वळसा घालून समुद्राच्या बाजूने यावं लागतं, त्यात पाच मिनिटं जातात. वर समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असला तरी एवढ्या छोट्या मार्गावर फरक तीन-चार मिनिटांचा. पावसाळ्यात खरा वेळ खातात ते ढग. मोपा पठारावर आहे, ढग खाली उतरले की धावपट्टी दिसेपर्यंत विमान वर थांबतं किंवा दुसरीकडे वळवावं लागतं. उतरण्यासाठी रेडिओ मार्गदर्शनाची पूर्ण व्यवस्था नसलेल्या लहान धावपट्ट्यांना तर जास्त लांबवरचं स्पष्ट दिसणं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सकाळच्या पहिल्या विमानाला उशीर झाला तर बहुधा कारण हेच.

आता या साइटमधले सापळे. हे सगळे कोडच्या आणि नावाच्या गोंधळातून येतात.

गोव्याला जायचं म्हणून 'जीओए' टाकलं तर साइट तुम्हाला इटलीतल्या जेनोआला नेते. तो कोड त्यांचा आहे. सोलापूरपासून साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि नऊ तासांचं उड्डाण दिसलं की समजावं. गोव्याचे कोड दोन: डाबोळीचा जीओआय, मोप्याचा जीओएक्स. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीला खुला झाला. जुनी माहिती धरून बसलेल्या साइट 'गोवा' म्हटलं की डाबोळीच धरतात आणि सोलापूरपासून ३३५ किलोमीटर सांगतात. हवेत फरक तीस किलोमीटरचा, म्हणजे चार मिनिटांचा. पण जमिनीवर हे दोन विमानतळ एकमेकांपासून लांब आहेत: मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, डाबोळी बरंच दक्षिणेला. मडगावला जाणारा माणूस मोप्याला उतरला तर पुढे दीड तास रस्ता आहे, आणि सावंतवाडी-बांद्याकडचा माणूस डाबोळीला उतरला तर त्याचीही तीच गत. तिकीट काढताना शहराचं नाव न वाचता कोड वाचावा.

हैदराबादचंही तसंच. शमशाबादचा कोड एचवायडी, जुन्या बेगमपेटचा बीपीएम, आणि सिंध प्रांतातल्या हैदराबादचा एचडीडी. नांदेडहून किंवा जळगावहून हैदराबाद मोजताना यादीत वरचं नाव उचललं की चूक होते. छत्रपती संभाजीनगरसाठी जुन्या नावाने शोधलं तर बिहारमधलं औरंगाबाद पुढे येतं, कारण काही साइट विमानतळ सोडून शहर धरतात. तिथे कोडच टाकावा: आयएक्सयू. बाकीचे हाताशी असू द्यावेत: कोल्हापूर केएलएच, सोलापूर एसएसई, जळगाव जेएलजी, नांदेड एनडीसी, सिंधुदुर्ग एसडीडब्ल्यू, शिर्डी एसएजी, नाशिक आयएसके, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, बेळगाव आयएक्सजी.

आणखी एक गोष्ट या साइट सांगत नाहीत, आणि खरं तर ती पहिल्या ओळीत सांगायला हवी: या मार्गावर विमान आहे का? रत्नागिरी ते लातूर टाकून बघा. ३६७ किलोमीटर, ५७ मिनिटं, असं ठामपणे उत्तर येतं. दोन्ही ठिकाणी धावपट्टी आहे, दोघांना कोड आहे, पण त्या दोघांमध्ये प्रवासी विमान धावत नाही. सोलापूर-नागपूरलाही ५०४ किलोमीटर आणि १ तास ८ मिनिटं असं छापील उत्तर मिळतं, प्रत्यक्षात मधे कुठेतरी विमान बदलावं लागतं आणि सगळा दिवस जातो. घरातल्या वयस्कर माणसाला तासाभराचा प्रवास सांगून बसावं आणि नंतर तिकीटच मिळू नये, असं होतं. म्हणून आधी कंपनीच्या साइटवर थेट विमान आणि आठवड्यातले दिवस बघावेत. प्रादेशिक मार्गांवर रोज विमान असेलच असं नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकं बदलतात, त्या दोन तारखांच्या पलीकडचा प्रवास असेल तर वेळ पुन्हा तपासावी.

मग खरी वेळ बघायची कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पहिलं, कंपनीचं वेळापत्रक. तिथे सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे पुढच्या ठिकाणी जागेवर येऊन चाकं थांबण्याची. या दोन्हींमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची धाव, वर थोडं थांबणं, आणि कंपनीने राखलेली सवड असं सगळं धरलेलं असतं. म्हणून ४८ मिनिटांच्या उड्डाणाला तासाहून जास्त वेळ छापलेला दिसतो. लोकांना वाटतं कंपनी वेळ फुगवते. थोडी फुगवतेच, कारण ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलं की विमान वेळेवर धरलं जातं. पण प्रवाशाच्या दृष्टीने हाच आकडा कामाचा, कारण दार उघडतं ते त्यानंतरच.

ब्लॉक टाइमला पैशाचंही वजन आहे. देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर भरपाईचा टप्पा ब्लॉक टाइमवर ठरतो. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांवर १०,०००. ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे वेळापत्रकात ६० मिनिटं छापलंय की ७०, यावर टप्पा बदलतो. अंतर-वेळ साइटवरचे ५३ मिनिटं दाखवून इथे काही चालत नाही. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि आपले जिल्ह्यांचे सगळे मार्ग यात येतात. मागायला संकोच करू नये.

लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या उडान योजनेतही अंतराचं असंच वजन आहे. त्या योजनेतल्या राखीव आसनांच्या भाड्याची कमाल मर्यादा मार्गाच्या लांबीच्या टप्प्यांवर ठरवली गेली. २७ एप्रिल २०१७ ला नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा या योजनेतल्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या कुठल्याही प्रवासाला २,५०० रुपये हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता.

दुसरं ठिकाण म्हणजे विमानांचा माग दाखवणारी सेवा, फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर. इथे अंदाज नाही, विमानाने स्वतः पाठवलेली नोंद असते. फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकून इतिहास उघडला की फुकट खात्यालाही मागचे सात दिवस दिसतात: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष सुटलेली वेळ, हवेतला वेळ, उतरलेली वेळ. सातही ओळी वाचाव्यात. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट ओळ बाजूला ठेवली की मधल्या ओळींत त्या मार्गाचा खरा स्वभाव कळतो. उड्डाण रोज नसेल तर सात दिवसांत तीन-चारच ओळी मिळतात. अशा वेळी प्रवासाच्या आधी दोन आठवडे नोंद ठेवायला सुरुवात करावी.

या सेवेत दोन गोष्टी खटकतात. घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं असेल तर सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, ८:५० चं विमान ३:२० ला सुटलेलं दिसतं. सेटिंगमध्ये स्थानिक वेळ निवडावी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विमानाचा संदेश जमिनीवरच्या, तो टिपणाऱ्या यंत्राला सरळ रेषेत मिळावा लागतो. मोठ्या शहरांभोवती अशी यंत्रं भरपूर, लहान विमानतळांपाशी विरळ, आणि मधे सह्याद्रीचा डोंगर आला की खालून उडणारं विमान दिसेनासं होतं. मग माग सुरू होतो विमान काही हजार फूट वर गेल्यावर, आणि संपतो उतरण्याच्या आधीच. अशा उड्डाणाचा हवेतला वेळ खऱ्यापेक्षा पाच-सात मिनिटं कमी दिसतो किंवा रकाना रिकामा राहतो. नोंद कमी आहे म्हणजे विमान लवकर पोहोचलं असं समजू नये. उंचीचा आलेख उघडून बघावा: रेषा शून्यापासून सुरू होऊन शून्यावर संपत असेल तरच तो आकडा पूर्ण.

या सेवेचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र प्रवासाच्या दिवशी होतो. प्रादेशिक कंपन्यांकडे विमानं मोजकी असतात आणि एकच विमान दिवसभरात सहा-आठ खेपा करतं. दोन खेपांमध्ये एटीआरला पंचवीस-तीस मिनिटांचा मुक्काम. सकाळी पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं उशीर झाला की तो शेवटपर्यंत वाहत जातो, भरून निघायला सवडच नसते. घरातून निघण्याआधी आपल्या विमानाच्या पानावर 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाबावा. तेच विमान आत्ता कुठे आहे ते दिसतं. तुमचं विमान अकराला सुटणार आणि ते साडेदहाला अजून दोन खेपा मागे असेल, तर कंपनीचा संदेश यायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं. पण म्हणून घरून उशिरा निघू नये. विमान ऐनवेळी बदलतात, आणि काउंटर ठरल्या वेळेलाच बंद होतं, बहुतेक कंपन्यांचं सुटण्याच्या ६० मिनिटं आधी.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. सोलापूरचा विमानतळ गावातच आहे, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. सुटण्याच्या दीड तास आधी पोहोचावं. ब्लॉक टाइम सव्वा तास धरावा. एटीआरमध्ये चढ-उतार मागच्या दाराने, विमानाच्याच पायऱ्यांवरून असते. म्हणून लवकर बाहेर पडायचं असेल तर मागची आसनं घ्यावीत. सामानाचे वरचे कप्पे जेटपेक्षा लहान असतात, चाकांची जाड बॅग पायऱ्यांपाशीच काढून घेतली जाते आणि ती पट्ट्यावर मिळते. त्यात दहा मिनिटं घालवायची नसतील तर मऊ बॅग न्यावी. मोप्याहून पणजीला कदंबच्या बसने किंवा टॅक्सीने तासभर. सगळी बेरीज साडेचार तासांच्या आसपास. विजापूर, बेळगाव करत चोर्ला घाटाने रस्त्याने गेलात तर चारशे किलोमीटरच्या पुढे आणि आठ-नऊ तास. म्हणजे निम्मा वेळ वाचतो, साइटवरच्या ५३ मिनिटांवरून वाटतो तसा सात-आठ तासांचा फायदा होत नाही. मडगावपर्यंत जायचं असेल तर फायदा आणखी आखडतो, आणि सावंतवाडीला जायचं असेल तर वाढतो, कारण मोप्याहून सावंतवाडी अर्ध्या-पाऊण तासावर.

कोल्हापूर-नागपूरला मात्र विमानाच्या बाजूने एकतर्फी कौल आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ करत जवळपास पूर्ण दिवस घेते, रस्ता आठशे किलोमीटरचा. विमानाने दारापासून दारापर्यंत चार-साडेचार तास. अधिवेशन, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ किंवा दवाखान्याच्या कामासाठी जाणाऱ्याला याहून चांगला पर्याय नाही. फक्त परतीचं विमान त्याच दिवशी आहे का आणि काम उरकायला मधे किती तास मिळतात, हे तिकीट काढण्याआधी बघावं.

गुण द्यायचे तर अंतर-वेळ साइटना अंतरासाठी पाचपैकी पाच. वेळेसाठी पाचपैकी दोन, तेही जेटच्या लांब मार्गांमुळे. विमान कोणतं हे एका खुणेने विचारलं, पंख्याच्या विमानाला ताशी ५०० किलोमीटर धरून वर वीस मिनिटं जोडली, तरी सोलापूर-मोप्याला ५७ मिनिटं आणि जळगाव-मोप्याला १ तास ३३ मिनिटं असं खूपच खरं उत्तर येईल. तोपर्यंत हे गणित कागदावर स्वतःच करावं. जेट असेल तर साइटचा आकडा चालेल, मुंबई एका टोकाला असेल तर त्यावर आणखी वीस मिनिटं घालावीत. मागाच्या सेवेला चार, एक गुण लहान विमानतळांपाशी तुटणाऱ्या नोंदीमुळे कमी. आणि एकाच दिवशी पुढचं विमान किंवा रेल्वे वेगळ्या तिकिटावर पकडायची असेल, तर वेळापत्रकातल्या पोहोचण्याच्या वेळेनंतर किमान तीन तास मोकळे ठेवावेत. पावसाळ्यात चार.